आधी कॉपी, मग दुरुस्ती

आमच्या नात्यागोत्यात कुणाचाही कंप्युटर रुसला की पहिला फोन मला येतो. मी काही त्यातला इंजिनिअर नाही. पण एकदा घरच्यांनी वैद्य ठरवलं की तो कायमचा वैद्य! त्यातले निम्मे फोन पाटोद्याहून. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की तिकडच्या कंप्युटरची दुखणी बहुतेक दोनच. वीज आणि धूळ.

पाटोदा बालाघाटाच्या माळावरचं गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण उन्हाळ्यात जिकडे तिकडे फुफाटाच. तो पंख्यात बसतो, कंप्युटर तापतो आणि आपोआप बंद पडतो. औषध काय? मऊ ब्रश आणि अर्धा तास. चालू करताच पीं पीं आवाज येऊन पडदा काळाच राहिला तर बऱ्याचदा रॅम असते. वायर काढायची, रॅम बाहेर घ्यायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायचे आणि खट्ट आवाज येईतो परत बसवायची. रोज सकाळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा चपटा सेल संपलाय. काहीच हललं नाही तर बोर्ड, वायर, मग पॉवर सप्लाय, याच क्रमाने बघायचं. या सगळ्यावर इलाज आहे, आणि तो स्वस्त आहे.

विजेचं म्हणाल तर 2005 नंतरची काही वर्षं ज्यांनी भारनियमनात काढली त्यांना सांगायला नको. लाईट गेली की अर्धवट लिहिलेली फाईल बिघडते. पण लाईट परत येताना जो झटका बसतो तो जास्त वाईट. म्हणून लाईट गेली की आधी बटण बंद करायचं, आणि आल्यावर पाच मिनिटं थांबायचं. अर्थिंग धड नसेल तर महागडा यूपीएससुद्धा पूर्ण संरक्षण देत नाही.

पण डिस्कचं तसं नाही. आज मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचंय.

दोन वर्षांपूर्वी काकांचा फोन आला. "आरं, आतून टकटक आवाज येतोय बघ. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणतोय स्कॅन मारू, नाहीतर फॉरमॅट करू."

म्हटलं, "काका, आधी बंद करा. कुणाला हात लावू देऊ नका. मी शनिवारी येतो."

त्या डिस्कमध्ये आमच्या आजीचा आवाज होता. काकांनी कधीतरी कॅसेटवर तिच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या आणि 2009 साली त्या कंप्युटरमध्ये उतरवल्या. आजी गेली. कॅसेटला बुरशी लागली. उरली ती एकच डिस्क.

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारं हेड तरंगतं ते केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर. म्हणून झाकण उघडून बघायचं नसतं. तिथे धुळीचा कण म्हणजे डोंगर. टकटक आवाज म्हणजे हेडला जागा सापडत नाहीये. अशा डिस्कवर स्कॅन चालवला तर तो खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतो, आणि उरलंसुरलंही जातं. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारेही भेटतात. नको. आत दव साचतं.

मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि लिनक्समधला डीडीरेस्क्यू चालवला. त्याची रीत मला फार आवडते. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागा नोंदवून पुढे जातो आणि शेवटी सवडीने त्यांच्याकडे वळतो. रात्रभर चाललं. काकूने दोनदा चहा आणून दिला. काका खुर्चीवरून उठले नाहीत.

सकाळपर्यंत बहुतेक ओव्या आल्या. एक फाईल मात्र अर्ध्यावर तुटलेली. आजी ओळ उचलते आणि मध्येच शांत. त्याच फोल्डरमध्ये काकांनी ओव्या टाईपही केल्या होत्या, पण जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसल्याने पडद्यावर नुसती चिन्हं! त्या काकांनी ऐकून ऐकून पुन्हा युनिकोडमध्ये लिहून काढल्या. तुटलेल्या ओवीचा पुढचा भाग आमच्या आत्याला पाठ होता. फोनवर म्हणून दाखवला तिने.

तेव्हापासून डोक्यात एक विचार घोळतोय. ओव्या पिढ्यानपिढ्या टिकल्या, त्या कुठे भक्कम जागी ठेवल्या होत्या म्हणून नव्हे. त्या एका जागी कधी नव्हत्याच. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे, प्रत्येक तोंड म्हणजे एक कॉपी. जाती थांबली आणि आमच्या घरची सगळी तोंडं एका डिस्कवर येऊन बसली.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. राईरकर आणि प्वातवँ दोघंही आज हयात नाहीत, पण तो संग्रह पुढे 'पारी'ने हाती घेतला आणि आज तो कुणालाही ऐकता येतो. एकाच कपाटात राहिला असता तर?

असो. नव्या एसएसडी तर आवाजही करत नाहीत, अनेकदा न सांगता जातात. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं डबीत पडून राहिला तर त्याचाही भरवसा नाही. म्हणून पाटोदा, बीड, पुणे सगळ्या घरच्यांना सांगणं एवढंच: दिवाळीला येताना रिकामी डिस्क घेऊन या. आजीच्या ओव्या, लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, सगळं प्रत्येकाच्या घरी राहू दे. दर दोन वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवू.

आणि आत्याला म्हणावं, बाकीच्या ओव्याही म्हणून ठेव. मोबाईलवर चालेल.