टाचेमागची दोरी

केरीहून तेरेखोलला फेरीबोट लागली आणि उतरण्याच्या घाईत मी एक पाऊल जोरात टेकले. तोच मागून कुणी टाचेवर काठी हाणावी तसा फटका बसला. रागाने वळून पाहिले. मागे कुणीच नव्हते!

"मुरगळला असेल," घरी सगळे म्हणाले. मलाही ते सोयीचेच होते, कारण लंगडत का होईना, चालता येत होते. तेल चोळले, हळद बांधली. दीड महिन्यात सूज उतरली. पण चवड्यावर उभे राहता येईना. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी ज्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला, तिथवरची रोजची चढण मला पारखी झाली.

अखेर पेडणे, म्हापसा करीत बांबोळीचे गोमेकॉ गाठले. डॉक्टरांनी पालथे झोपवून पोटरी दाबली. चांगले पाऊल हलले, दुसरे ढिम्म. एवढ्यावर निदान झाले : अकिलीज टेंडन तुटले आहे.

आपण तिला शीर म्हणतो. पण ती रक्ताची नव्हे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ती दोरी, शरीरातली सर्वांत जाड. ग्रीक कथेतल्या अकिलीजला आईने टाच धरून नदीत बुडवले, तेवढी टाच कोरडी राहिली आणि तिथेच बाण लागला. माझीही टाच नदीकाठीच गेली!

"लगेच आला असतात, तर प्लॅस्टरवरही भागले असते," डॉक्टर म्हणाले. ते खरेच आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या पाचशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, ताज्या दुखापतीवर शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले वर्षअखेरीस जवळजवळ सारखेच बरे झाले. मात्र न केलेल्यांपैकी शेकडा सहा जणांची शीर पुन्हा तुटली. केलेल्यांत हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. माझ्या शिरेची टोके एव्हाना दूर सरकली होती, निवड उरलीच नव्हती. पायाचा अंगठा वाकवणारी शीर वळवून टाचेच्या हाडात बसवली.

मग बोटे खाली झुकवून प्लॅस्टर, कुबड्या, टाचेखाली उंचवटा घातलेली चप्पल आणि कित्येक महिने व्यायाम. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, हे पायाच्याच दुखण्याने शिकवले.

यंदा किल्ल्यापर्यंत चढलो, दोनदा बसून. वाचकहो, चालता येते म्हणजे शीर शाबूत आहे, असे समजू नका. पालथे झोपा, कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हलले नाही, तर हळद शोधत बसू नका. पहिली फेरी पकडा.