धोबी एक की तीन?

हिवाळ्यात पाणवठ्यावर उतरणाऱ्या पांढऱ्या धोब्यांनी पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ठेवणाऱ्याला जुनाच पेच घातला आहे. काळ्या डोक्यावर पांढरा मुखवटा चढवलेला पर्सोनाटा, पांढऱ्या चेहऱ्याचा ल्यूकॉप्सिस आणि कर्नल साइक्सने १८३२ मध्ये दख्खनचं नाव दिलेला डुखुनेन्सिस, दुर्बिणीतून तिघे निराळे दिसतात. पण तिघे एकाच प्रजातीच्या उपप्रजाती, म्हणून यादीत तिघांचा आकडा एक. उलट काही पर्णवटवट्ये ओरडल्याशिवाय वेगळे सांगता येत नाहीत, तरी प्रत्येकाला पूर्ण आकडा. म्हणजे दिसण्यातला फरक हा निकष नव्हेच. तरीही उपप्रजातींना आकडा देऊ नये, असंच मला वाटतं.

कारण उपप्रजाती आपण पुष्कळदा पक्ष्यावरून नाही, नकाशावरून ओळखतो. श्रीलंकेतला गावकावळा प्रोटेगॅटस उपप्रजातीचा. पण तिथे उतरलेल्याने तो पाहून ठरवलेलं नसतं, गाव पाहून ठरवलेलं असतं. हा विमानाच्या तिकिटाचा आकडा झाला. पिवळ्या धोब्यांत तर वसंतातले नर तेवढे नीट सांगता येतात. माद्या आणि कोवळे पक्षी बहुधा निनावीच राहतात. आणि दोन उपप्रजातींच्या सरहद्दीवर मिसळलेल्या पक्ष्याचं काय, अर्धा आकडा? ‘माझा तिसरा धोबी’ म्हणून फोटो मिरवणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

सलीम अली आणि रिप्ले यांच्या ‘हँडबुक’मध्ये उपप्रजातींनाही स्वतंत्र क्रमांक आहेत, असं कोणी म्हणेल. आहेत, पण त्या वर्णनांमागे संग्रहालयातली कातडी आणि मोजमापं होती, झुडपाआड दिसलेली शेपटी नव्हती. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: प्रजाती तरी कुठे स्थिर आहेत? सह्याद्रीतला काळ्या टोपीचा कस्तुर आणि लंडनच्या बागेतला ब्लॅकबर्ड जुन्या पुस्तकांत एकच होते, आता वेगळे आहेत. लेसर व्हाइटथ्रोट या वटवट्यातला ह्यूमच्या नावाचा पक्षी कधी स्वतंत्र झाला, कधी परत आत गेला. २०२५ च्या ॲव्हीलिस्टने जगासाठी ११,१३१ प्रजातींची एक सामायिक यादी दिली. तीही बदलत राहणार. म्हणून उपप्रजातीला आकडा नसला तरी ओळ हवीच: ठिकाण, तारीख, गालाचा रंग, आवाज. उद्या स्प्लिट झाला, म्हणजे उपप्रजातीची स्वतंत्र प्रजाती झाली, तर त्या ओळीवरच हक्क सांगता येतो. नुसता आकडा लिहिणाऱ्याकडे पुरावा उरत नाही. अर्थात, असा घरबसल्या मिळालेला लाइफर, म्हणजे यादीतली नवी प्रजाती, मी मुकाट्याने घेतो. लम्प झाला, म्हणजे दोन प्रजाती एक झाल्या, की मात्र यादी ठरवणाऱ्या समितीच्या पुराव्यात खोट शोधत बसतो.