सकाळी काळवीट, दुपारी सिद्धटेक

गुगल शीटमध्ये मी दोन रकाने केले होते. एक 'जंगल', एक 'देव'. जंगल माझं, देव आईचा. ताडोबाची जिप्सी खिशाला परवडेना, सुट्टीही एकच दिवस, म्हणून आपल्याच जिल्ह्यात शोधलं. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, त्याच तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेकचा सिद्धिविनायक. सकाळी काळवीट, दुपारी गणपती, रात्री पुण्यात. ऑफिसातल्या एकाही रिलीजचं वेळापत्रक मी इतकं सुटसुटीत केलं नसेल.

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हरणं बघायला गाडी करून जायचं?"

आईचं माहेर कर्जतकडचं. तिथली जमीन विकली, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी बाकीचं कळलं. रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली की कळप यायचा. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, थंडीत माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवायचे. हरणं पांगायची, तासाभरानं परत. आई लहान होती, संध्याकाळी भाकरी पोचवायला जायची. एका वर्षी निम्मं रान गेलं.

"पण अण्णांनी कधी दगड नाही मारला. म्हणायचे, पोटुशी असंल एखादी."

माझ्या शीटमध्ये याला रकाना नव्हता.

रेहेकुरीचं अभयारण्य १९८० सालचं. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ५३६ एकर. आमचा हिंजवडीचा आयटी पार्क याहून कितीतरी मोठा आहे! एवढ्याशा गवतावर कळप मावणार कसा? काळविटाला सातबारा वाचता येत नाही, तो शेजारच्या पिकात शिरतोच. कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे, आणि ते हवंच, हे मी ठामपणे म्हणतो. फक्त मी ते एसीत बसून म्हणतो.

सिद्धटेकची काळजी वेगळी. मूर्ती टेकडीला लागून, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला. आईचे गुडघे दुखतात. "देवळाला मनातल्या मनात घाल," असं मी सुचवलं, तर म्हणाली, उजव्या सोंडेचा आहे, त्याच्यापुढं असली लबाडी चालत नाही. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. त्यांचं चौंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यात. तेही शीटमध्ये घालणार होतो, पण आईनं मधेच विचारलं, "रेहेकुरीवरून आमच्या रानाकडं जाता येतं का, बघ की त्या मॅपवर."

गावाचं नाव टाकलं. शेताला पिन नसते.

"खूण काय होती?"

"बांधावर बाभळ होती."

सॅटेलाइटचं चित्र मोठं करून मी बघत बसलो. बाभळी पुष्कळ होत्या.

"शनिवारचं राहू दे," आई म्हणाली. "हुरड्याच्या दिवसांत जाऊ. तेव्हा येतात ती."

तारीख बदलली. 'जंगल' खोडून तिथं काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.