पाण्यातले ढग

बीडच्या कंकालेश्वर मंदिराचा ड्रोन शॉट आज दिवसभर पडद्यावर होता. पाण्याच्या मधोमध मंदिर, वर पांढरंफटक आकाश. गिऱ्हाइकाला तिथे ढग हवेत. (आमच्याकडे निदान व्हिडिओत तरी मागितले की ढग येतात!)

ड्रोनची एच.२६५ व्हिडिओ फाइल दिसायला लहानशी. कारण तिच्यातल्या बहुतेक फ्रेम अख्ख्या नसतातच. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढीच नोंद. ढग जोडायला, म्हणजे कंपोझिटिंगला, मात्र प्रत्येक फ्रेम पूर्ण उलगडून लागते. ३८४० बाय २१६० ची एक फ्रेम, अल्फा म्हणजे पारदर्शकतेचा चॅनल धरून, १६ बिटमध्ये सुमारे ६६ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे दीड जीबीच्या वर. माझ्या १६ जीबी रॅममध्ये दहा सेकंदसुद्धा मावत नाहीत.

म्हणून आधी सगळं प्रोरेसमध्ये काढून घेते; त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, शेजारच्या उलगडाव्या लागत नाहीत. डिस्क भरते, भरू दे. टाइमलाइन अडखळत तर नाही. आकाश वेगळं कापणाऱ्या मास्कसाठी निम्म्या लांबी-रुंदीची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, पुरते, मेमरी चौथाईच जाते. शिखराची कड तेवढी मूळ फुटेजवर तपासायची.

संध्याकाळी आकाश जमलं आणि मग पाण्याकडे लक्ष गेलं. तिथे अजून जुनंच, कोरडं आकाश. प्रतिबिंबाचा वेगळा लेअर उद्या. लाइट राहिली तर.