मार्क, गेट आणि एक तक्रार

आमच्या ऑफिसात बग रिपोर्ट करणाऱ्याला कोणी विचारत नाही, की 'तू त्या स्क्रीनवर गेलासच कशाला?' कॉलेजात तक्रार करणाऱ्या मुलीला मात्र पहिला प्रश्न हाच!

माझी चुलत बहीण नगर जिल्ह्यातल्या (हो, आता अहिल्यानगर) एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या रूममेटला प्रोजेक्ट गाइडचे रात्री-अपरात्री नको ते मेसेज येतात. "तक्रार करेल रे दादा ती, पण मार्क त्याच्याच हातात आहेत. आणि बोभाटा झाला तर होस्टेलचं गेट आठऐवजी सातला बंद करतील. सगळ्या मुली हिलाच शिव्या घालतील."

भीती खोटी नाहीये. पण गंमत बघा, यूजीसीच्या २०१६ मध्ये लागू झालेल्या नियमावलीत दोन्हीची उत्तरं आहेत. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाला तिचे पेपर, प्रोजेक्ट तपासण्यापासून दूर ठेवता येतं. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावायचे नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. विभागप्रमुख, डीन वगैरे मंडळी समितीवर नकोत.

हे काही आयतं मिळालेलं नाही. १९९७ च्या विशाखा निकालानंतरही समितीचा अहवाल बाजूला ठेवून पुन्हा खात्याची चौकशी लावायचे. म्हणजे बाईनं तेच सगळं नव्या टेबलासमोर परत सांगायचं. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले आणि इतर सुप्रीम कोर्टात गेल्या. २६ एप्रिल २००४ ला कोर्टानं सांगितलं, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल धरायचा.

असो. बहिणीनं नोटीस बोर्डवरची समितीची यादी बघितली. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीवर हवेत. यादीत एकही नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीखवार लावून झालेत.

सोमवारी दोन अर्ज जाणार आहेत. एक रूममेटचा. दुसरा, समिती पूर्ण करा म्हणून. त्यावर आत्तापर्यंत होस्टेलच्या अकरा मुलींच्या सह्या झाल्यात.