शेवंडीचा हंगाम

शिडाच्या बोटीवर पाहुणे येणार असले की फ्रिज गच्च भरून ठेवावासा वाटतो. ग्रेनेडाइन्समध्ये हा मोह आवरावा. सेंट व्हिन्सेंटपासून दक्षिणेला ग्रेनेडापर्यंत कॅरिबियन समुद्रात पसरलेली ही बेटे. हिवाळ्यात इथे पूर्वेचा व्यापारी वारा दिवसरात्र वाहतो. शीड भरले की इंजिन बंद करायचे, मग पाण्याचा आवाज तेवढा उरतो. खाऱ्या वाऱ्यात दिवसभर बसलेल्या माणसाला जी भूक लागते, ती डब्यातल्या खाण्याने भागवणे म्हणजे त्या भुकेचा अपमान आहे.

टोबॅगो केज म्हणजे वस्ती नसलेली पाच छोटी बेटे. त्यांच्या पूर्वेला प्रवाळाची घोड्याच्या नालेच्या आकाराची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे थेट अटलांटिक. लाटा भिंतीवर फुटतात, वारा मात्र अडत नाही, म्हणून आतल्या हिरव्या-निळ्या पाण्यात बोट फारशी न डोलता नांगराला ताण देत उभी राहते. नांगर धरतो न धरतो तोच एखादी रंगीत होडी बाजूला लागते. युनियन किंवा मेरो बेटावरचा माणूस विचारतो, रात्री जेवायला काय करू?

मागे आमच्याबरोबर मालवणची मावशी होती. होडीतला लॉब्स्टर बघून ती ओरडलीच, "अगो बाय, ही तर आमची शेवंड!" खरेच होते ते. इथल्या लॉब्स्टरला नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा आणि मांसाने भरलेली शेपटी, अगदी आपल्या शेवंडीसारखी. संध्याकाळी त्या पाचांपैकी पेटी बातो बेटाच्या वाळूत, झाडांखालच्या लाकडी टेबलांवर पंगत बसली. शेवंड उभी चिरलेली, वर लोणी, लसूण, लिंबू, खाली निखारे. सोबत भात आणि तळलेली पिकली केळी. जोडीला ‘लांबी’ही होती, म्हणजे मोठ्या शंखातले मांस. ते चिवट असते, म्हणून आधी चांगले ठेचून घेतात आणि मग रश्श्यात शिजवतात. पाहुणे शेपटी खाऊन थांबले. मावशीने पाय मोडून एकेक चोखायला घेतला. ते पाहून स्वयंपाक करणारी बाई तिच्या शेजारी येऊन बसली आणि आपल्या ताटातले डोके तिच्या पानात ठेवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या रात्री सगळ्यांत जास्त बोलल्या त्याच.

निखाऱ्यात अख्खा भाजलेला नीरफणसही होता. भाजलेला नीरफणस आणि तळलेला जॅकफिश हे सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या देशाचे राष्ट्रीय जेवण. ज्याच्या बाउंटी जहाजावर 1789 मध्ये बंड झाले, त्याच कॅप्टन ब्लायने दुसऱ्या सफरीत, 1793 मध्ये, पॅसिफिकमधून नीरफणसाची रोपे सेंट व्हिन्सेंटला आणली. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायचे, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या गुलामांच्या वंशजांनी त्याचे सणाचे जेवण केले, याचे मला फार मोल वाटते. कोकणात नीरफणसाची कापे खात वाढलेल्या माणसाला तर तो घास थेट घरी नेतो.

मावशीने खुणांनी विचारले, शेवंड बारा महिने मिळते का? बाईने मान हलवली. मे ते ऑगस्ट शेवंड धरायला बंदी आहे. अंडी असलेली मादी कधीच धरायची नाही. आणि टोबॅगो केज हे सागरी उद्यान असल्याने तिथे मासेमारीच नाही, शेवंड बाहेरून येते. मावशीला यातले काही समजावून सांगावे लागले नाही. जून-जुलैत होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या गावातली ती. समुद्राला विसावा द्यायचा असतो, हे तिच्या घरात मुलांना लहानपणीच कळते.

1 जुलै 2024 रोजी बेरिल चक्रीवादळाने याच बेटांना झोडपले. युनियन बेटावरची बहुतेक घरे मोडली. अशा ठिकाणी होडीतून विकत घेतलेल्या शेवंडीचे पैसे सरळ एखाद्या घरात जातात. म्हणून तिथे गेलात तर फ्रिज अर्धा रिकामा ठेवा, भाव फार पाडू नका, पाहुण्यांना वाळूतल्या टेबलावर जेवायला न्या. आणि मे ते ऑगस्टमध्ये कुणी चोरून शेवंड देऊ केली, तर ती नाकारा आणि जॅकफिश मागा.