बर्फावरचा पदर

हॉलंड देशाशी आपले काही नाते आहे असे म्हटले, तर पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटेल. वस्तुतः ज्या बेटावर आपले आजे-पणजे जहाजांतून उतरले, त्या बेटाला मॉरिशस हे नाव १५९८ साली डच खलाशांनीच आपल्या मॉरित्स राजपुत्रावरून दिले. आणि ज्या उसापायी आपल्या पूर्वजांना कोकण सोडावे लागले, तो ऊसही १६३९ साली जाव्याहून तेथे प्रथम आणला तो डचांनीच. १७१० मध्ये ते बेट सोडून निघून गेले. ऊस मात्र राहिला, आणि १८३४ पासून तो तोडण्यासाठी शर्तबंद मजुरांची जहाजे येऊ लागली. तेव्हा या स्मरणिकेत, आणि तेही अबू धाबीच्या उन्हात बसून, एखाद्या डच खेळाडूविषयी चार शब्द लिहिले, तर वाचक बंधुभगिनींनी ते अगदीच परके मानू नयेत.

बर्फावर धावणे हा डचांचा केवळ खेळ नव्हे, तो त्यांचा लोकाचार आहे. लहान मुले लाकडी खुर्ची पुढे ढकलीत बर्फावर तोल सांभाळायला शिकतात. फ्रीसलँड प्रांतात अकरा गावांना जोडणाऱ्या कालव्यांवरून सुमारे २०० किलोमीटरची एक शर्यत होते. होते म्हणण्यापेक्षा होत असे, हेच खरे. कालव्यावर निदान १५ सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरल्यावाचून ती भरविता येत नाही, आणि १९९७च्या ४ जानेवारीनंतर तसा योग आलेला नाही. त्या दिवशी जिंकला तो हेन्क आंगेनेंट नावाचा एक शेतकरी. पुढच्या पिढीतील विजेते घडले ते कालव्यांवर नव्हे, तर हेरेनव्हेन येथील थियाल्फ या छताखालच्या क्रीडागृहात, ४०० मीटरच्या धावपट्टीवर, यंत्रांनी गोठविलेल्या पाण्यावर. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये या खेळातील ३६ पदकांपैकी २३ पदके या एकट्या देशाने नेली, ती निसर्गाने दिलेल्या बर्फाच्या जोरावर नव्हेत.

स्वेन क्रामर हा त्या हेरेनव्हेन गावचाच. त्याचा जन्म १९८६चा. ५००० मीटरच्या शर्यतीत त्याने २०१०, २०१४ व २०१८ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली, आणि सर्व अंतरांच्या एकत्रित जागतिक स्पर्धेत तो नऊ वेळा विजेता ठरला. तथापि मला त्याची आठवण राहते ती त्याने गमावलेल्या शर्यतीमुळे. २०१०च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हर येथे १०,००० मीटरची शर्यत चालू होती. या शर्यतीत पंचवीस फेऱ्या असतात. आतली मार्गिका वळणावर आखूड पडते, म्हणून दोघा स्पर्धकांनी प्रत्येक फेरीत मार्गिकांची अदलाबदल करावयाची असा दंडक आहे. क्रामर आघाडीवर होता. सतराव्या फेरीच्या सुमारास तो बाहेरच्या मार्गिकेकडे वळतो न वळतो, तोच त्याचे मार्गदर्शक खेरार्ड केमकर्स यांनी आत जाण्याची खूण केली. शिष्याने क्षणभर चाचरून गुरूचे ऐकले. शर्यत संपली तेव्हा त्याची वेळ सर्वांत कमी होती, दुसऱ्याहून चार सेकंदांनी कमी. परंतु चुकीच्या मार्गिकेमुळे तो बाद ठरला.

गेली वीस वर्षे मी वर्गात उभी राहून शिकविते. आपण सांगितलेले मूल विश्वासाने ऐकते, या जाणिवेने शिक्षकाच्या अंगावर कधी कधी काटा उभा राहतो. केमकर्स यांनी दोष उघडपणे आपल्याकडे घेतला. क्रामरचा संताप साऱ्या जगाने पाहिला. पण त्याने गुरू बदलला नाही. चार वर्षांनी सोची येथे ५००० मीटरचे सुवर्णपदक त्याने त्याच केमकर्स यांच्या हाताखाली मिळविले. १०,००० मीटरचे सुवर्णपदक मात्र त्याला अखेरपर्यंत लाभले नाही. या दोघांपैकी मोठा कोण, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

आता आपल्या येथील बर्फाकडे वळू. अबू धाबीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तशा दिवशी झायेद स्पोर्ट्स सिटीच्या बर्फगृहात शिरावे, म्हणजे विज्ञानाचे सामर्थ्य कातडीलाच कळते. खाली काँक्रीटचा तळ, त्यात नळ्यांचे जाळे, नळ्यांतून शून्याखाली थंड केलेला द्रव सतत वाहता. वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक गोठवीत नेले, की चार बोटे जाडीसुद्धा नसलेला बर्फ तयार होतो. खेळाडूंच्या पात्यांनी तो ओरखडला, म्हणजे एक अवजड यंत्र येऊन वरचा पापुद्रा खरवडते आणि त्यावर गरम पाणी पसरते. गरमच का, असे माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारते. गरम पाणी ओरखड्यांच्या कडा किंचित वितळवून त्यांत नीट मिसळते, आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने गोठलेला थर घट्ट बसतो. थियाल्फमध्येही तत्त्व हेच. म्हणजे आज हॉलंडचा बर्फ आणि वाळवंटाचा बर्फ यांत कुळाचा भेद उरलेला नाही. भेद उरला आहे तो सवयीचा व परंपरेचा.

याच बर्फावर झाहरा लारी वाढली. तिचा जन्म १९९५ साली अबू धाबीत झाला. वडील अमिराती, आई अमेरिकन. अकरा-बारा वर्षांची असताना तिने बर्फावर नाचणाऱ्या मुलीचा एक चित्रपट पाहिला आणि हट्ट धरला. ज्या वयात या खेळातील मुली स्पर्धा जिंकू लागतात, त्या वयात हिने पहिला धडा गिरविला. तिचा प्रकार क्रामरसारखा वेगाचा नव्हे. उड्या, गिरक्या आणि संगीत यांचा, ज्याला फिगर स्केटिंग म्हणतात तो. पहाटे उठून शाळेपूर्वी सराव करावयाचा, शाळा सुटल्यावर पुन्हा बर्फगृह गाठावयाचे, असा तिचा क्रम होता. मध्यंतरी वडिलांना वाटले, की मुलगी मोठी झाली, आता परपुरुषांसमोर तिने असे खेळणे बरे नव्हे; खेळ थांबला. पुढे मैत्रिणींना उत्तेजन देण्यासाठी ती एका स्पर्धेला प्रेक्षक म्हणून गेली. कडेला बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर बापाने जे पाहिले, त्याने त्याचे मत बदलले. त्यानंतर तिला त्याच्याइतका खंदा पाठीराखा दुसरा मिळाला नसेल.

२०१२ साली इटलीतील कानात्सेई येथे युरोपियन कप स्पर्धेत ती उतरली. आखाती देशांतून या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत येणारी ती पहिली, आणि डोक्यावर हिजाब घेऊन खेळणारीही पहिलीच. डोक्यावरचे वस्त्र पोशाखाच्या नियमात बसत नाही म्हणून परीक्षकांनी तिचे गुण कापले. तिने व तिच्या देशाच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेपाशी आपली बाजू मांडली, आणि पुढे तो दंड उठला. संयुक्त अरब अमिराती हा त्या संघटनेचा सदस्य होणारा पहिला अरब देश ठरला. तिने देशातील विजेतेपद अनेकदा मिळविले. परंतु २०१८च्या ऑलिंपिकसाठी जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ येथे झालेल्या पात्रता स्पर्धेतून तिला प्रवेश मिळाला नाही. केवळ पदके मोजावयाची, तर क्रामरपुढे तिचे नाव घेण्याचे कारण नाही. मी ते घेते, कारण क्रामरच्या पाठीशी तीन-चार शतकांचे गोठलेले कालवे होते, आणि हिच्यामागे कोणीही नव्हते.

येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. वेगाच्या शर्यतीत धावणारे पुरुष असोत वा स्त्रिया, सारे नखशिखांत झाकलेले असतात. चोपून बसणाऱ्या त्या पोशाखाला डोक्यावरून ओढून घेण्याची टोपीसुद्धा जोडलेली असते. वारा अडू नये म्हणून ती योजना. तिचे कोणी गुण कापीत नाही, कारण घड्याळाला डोळे नसतात. परीक्षकाला असतात. फिगर स्केटिंगमध्ये तर २००४ पर्यंत एकेरी खेळणाऱ्या स्त्रियांना आखूड का होईना, पण घागराच घालण्याची सक्ती होती. विजार चालत नसे. झाकले तर गुण गेले, उघडे राहिले तर अब्रू गेली, अशी ही बायकांची जुनी कोंडी आहे.

माझी आजी वाक्वाजवळच्या एका मळ्यात ऊस तोडावयास जात असे. उसाचे पाते हात-पाय कापते, म्हणून ती मनगटापर्यंत बाह्यांचे जुने सदरे घाली, पायांना फडकी गुंडाळी, आणि डोक्यावर पदर व पदरावर टोपी अशा थाटात पहाटे बाहेर पडे. तिच्या त्या वेषाचे गुण कोणी कापल्याचे ऐकिवात नाही. मुकादम मोळ्या मोजी. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ झाली, की मात्र पदर किती खाली, आवाज किती वर, याची परीक्षा सुरू होई आणि परीक्षक होत्या शेजारच्या बायका. २०१७ साली एका मोठ्या क्रीडासाहित्य कंपनीने अरबी भाषेत एक जाहिरात काढली. तीत झाहरा होती, आणि तिचा सारा भर एकाच प्रश्नावर होता: लोक काय म्हणतील? तो प्रश्न अरबीत ऐकताना मला हसू आले. आमच्या गल्लीत तो मराठीत आणि क्रिओलमध्ये, दोन्ही भाषांत विचारला जात असे.

हे सारे मी आज लिहिण्याचे कारण घरातच आहे. माझी तेरा वर्षांची कन्या दोन वर्षांपासून बर्फावर शिकते आहे, आणि यंदा प्रथमच तिला लहानशा स्पर्धेत उतरावयाचे आहे. पोशाखाचे छायाचित्र मॉरिशसला पोचले आणि सासूबाईंचा दूरध्वनी आला. गुडघ्यांच्या वर काही नको, घराण्यात कोणी असे केलेले नाही, हे त्यांचे म्हणणे. मी मोठ्या उत्साहाने कन्येला झाहरा लारीची सारी हकीकत सांगितली, नव्या नियमाप्रमाणे विजार चालते हेही सांगितले, आणि सुचविले की आजीच्या समाधानासाठी तू तीच घाल. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, “आई, झाहराने स्वतःला हवा तो वेष केला, आणि त्यासाठी गुण गेले तरी सोसले, म्हणून तू तिची स्तुती करतेस ना? मग मला हवा तो वेष मी केला तर तुम्ही माझे गुण का कापता?”

वीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा सराव असूनही याचे उत्तर मला देता आले नाही. तिच्या वडिलांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

सासूबाईंना मी तिचे शब्द होते तसे ऐकविले. सौम्य करून सांगणे मला योग्य वाटले नाही. बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग त्यांनी विचारले, तिथे थंडी किती असते? मी म्हटले, हवा तितकी नाही, पण बर्फ उणे पाच अंशांच्या आसपास. त्या म्हणाल्या, “मग पायांत लोकरीचे काही तरी घालायला सांग. घागरा कसला शिवायचा ते नंतर बघू.” स्पर्धेला अजून तीन आठवडे आहेत. कापड आणून ठेवले आहे. शिंप्याकडे मात्र अद्याप दिलेले नाही.